बिट्टीच्या खात्यावरचे सर

शाळेत संकेतस्थळांचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे काय, तर इंटरनेटवर मुलांच्या नावानं जो शैक्षणिक केरकचरा पडलेला असतो, त्यातून धान्य वेचायचं आणि पालकांना, शिक्षकांना आयतं ताटात वाढायचं. वाचनासाठी कुठली साइट चांगली, विज्ञानाचे प्रयोग कुठे नीट करून दाखवतात, कुठल्या साइटवर गोष्ट ऐन रंगात आली की मध्येच बुटांची जाहिरात उडी मारते, हे मला तोंडपाठ आहे. स्टाफरूममध्ये माझ्या मागे मला साइटबाई म्हणतात. म्हणू देत. त्यांच्या वर्गातली मुलं गृहपाठाच्या नावाखाली गाड्यांच्या शर्यती खेळतात, माझ्या वर्गातली नाहीत.

माझी सगळ्यात लाडकी साइट गणिताची. तिला तीन दारं आहेत, एक मुलांचं, एक पालकांचं, एक शिक्षकांचं. मुलाच्या दारातून आत गेलं की एक खार भेटते आणि गणितं घालते. बरोबर आलं की टाळ्या वाजवून "शाब्बास!" म्हणते आणि पुढचं गणित जरा अवघड देते. चुकलं की शेपूट खाली टाकून "अरेरे! पुन्हा बघू या!" म्हणते आणि एक पायरी खाली उतरवते. पालकांना दर आठवड्याला अहवाल जातो, त्यात पोर कितव्या इयत्तेच्या पायरीवर आहे त्याची रेषा असते. शिक्षकांच्या दारातून तर पोर या घडीला कुठलं गणित करतंय तेही दिसतं.

परवाच्या पालकसभेत मी हेच सांगत होते. दुसऱ्याच्या मुलाचा अहवाल चारचौघांत दाखवता येत नाही, तसा नियम आहे, म्हणून नमुना म्हणून मी दरवेळी माझ्या बिट्टीचाच दाखवते. आता तिची रेषा सगळ्यांत वर असते हा काही माझा दोष नाही. मोठ्या पडद्यावर अहवाल उघडला आणि पालकांकडे तोंड करून म्हटलं, "बघा, नियमित सराव केला की काय होतं."

मागच्या ओळीत कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं तर पाचवीच्या पायरीवर चढलेली बिट्टीची रेषा तिथून जी घसरली होती ती थेट दुसरीत येऊन आपटली होती. परीक्षांच्या गडबडीत बरेच दिवस मी अहवाल उघडलाच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मागच्या ओळीतल्या एका आईनं अगदी साखर पेरल्यासारख्या आवाजात विचारलं, "मॅडम, ही तुमचीच ना? मग आमचं कार्टं बरं म्हणायचं की!"

घरी आल्यावर बिट्टीला मी दारातच धरलं. एक ठेवून दिली, चित्रकलेचा क्लास बंद केला, मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं नाही म्हणून सांगितलं. नऊ वर्षांची पोर, एरवी वाक्यागणिक उलट उत्तर देणारी, त्या दिवशी तिनं तोंडातून ब्र काढला नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि मी घातलेली गणितं धडाधड सोडवत गेली. एकही चुकेना. त्यानं माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. येतंय आणि मुद्दाम करत नाही, म्हणजे हा माजच.

"वळणाचं पाणी वळणावर जाणार," खिडकीजवळच्या खुर्चीतून सर म्हणाले. "आईवर गेली आहे."

सर म्हणजे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक, विषय गणित. घरात सगळे त्यांना सरच म्हणतात. माझा नवरा म्हणतो, मी म्हणते, बिट्टीसुद्धा म्हणते. लहान असताना ती एकदा आजोबा म्हणाली तर, "आजोबा ही काय पदवी आहे? ती कोणालाही मिळते," असं म्हणून त्यांनी तिला गप्प केलं होतं. लग्न ठरल्यावर पहिल्या भेटीत त्यांनी मला एकोणिसाचा पाढा विचारला होता. मी मध्येच अडखळले. त्यानंतर कोणीही घरी आलं की ओळख ठरलेली: "ही आमची सून. शिक्षिका आहे, पण एकोणिसात अडकते." मी फ्रिजवर निरोप लिहून ठेवला की संध्याकाळी त्यावर लाल पेनानं खुणा केलेल्या असायच्या. माझ्या नोकरीला ते शिकवणं म्हणत नसत, पोरं सांभाळणं म्हणत. बारा वर्षं मी हे खाली मान घालून ऐकलं.

पण अलीकडे सरांचं काहीतरी बिनसलं होतं आणि ते फक्त मला दिसत होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि सर शेजारी उभे राहून बघत राहिले, घरभर वास सुटला तरी. एकदा बिट्टीला शाळेतून आणायला म्हणून निघाले आणि बागेत बसून राहिले. पोर फाटकाशी अंधार पडेपर्यंत उभी होती. शहराबाहेर एक बरा वृद्धाश्रम आहे, तिथे नाव घालून ठेवावं असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो उखडला. "सरांचं डोकं तुझ्या-माझ्यापेक्षा तल्लख आहे. वय झालंय एवढंच." डॉक्टरांचं नाव काढलं तर सर स्वतःच म्हणायचे, "कोण, तो? माझा विद्यार्थी. गणितात काठावर पास."

सभेनंतरच्या आठवड्यात एका दुपारी तपासलेले पेपर घरी विसरले म्हणून मधल्या सुट्टीत घाईनं घरी आले. किल्लीनं दार उघडलं. आतून खारीचा आवाज येत होता. बिट्टी तर शाळेत होती.

जेवणाच्या टेबलाशी सर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केस पाणी लावून चापून बसवलेले. पुढ्यात बिट्टीचा टॅब. छप्पन भागिले आठ. सर बोटांवर मोजत होते. बोटांवर मोजणाऱ्या पोरांची ज्यांनी जन्मभर पट्टीनं बोटं सुजवली ते सर अंगठा एकेका पेरावर टेकवत चालले होते, मध्येच विसरत होते, पुन्हा पहिल्या पेरापासून सुरू करत होते. शेवटी त्यांनी सहा दाबलं.

"अरेरे!" खार म्हणाली. "पुन्हा बघू या!"

"चुकलं, बाई," सर म्हणाले. "पुन्हा करतो."

साइटनं त्यांना उतरवत उतरवत चार अधिक पाचवर आणलं. त्यांनी नऊ दाबलं. खारीनं टाळ्या वाजवल्या, "शाब्बास!" म्हणाली, आणि सर तोंडावर हात ठेवून हसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कोणाला शाब्बास म्हणताना ऐकलं नव्हतं, आणि कोणाच्या शाब्बासकीनं असं खुलताना तर नाहीच.

मला काय वाटलं ते सांगते. वाईट वगैरे काही नाही, मला आनंद झाला. बारा वर्षं अडून बसलेलं दार आपोआप उघडावं तसा आनंद. मी पेपर न घेताच आले तशी बाहेर पडले आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी बिट्टीला एकटीला गाठून विचारलं. सर तिच्या खात्यावर गणितं करतात हे तिला ठाऊक होतं. ठाऊक कसलं, खातं तिनंच उघडून दिलं होतं. "त्यांना पाढे आठवत नाहीत आई. आठवले नाहीत की ते घाबरतात. खार ओरडत नाही ना, म्हणून मी म्हटलं तिच्याकडे शिका."

"आणि मी तुला बडवत होते तेव्हा तोंड का शिवलं होतंस?"

"तू त्यांना बोलशील म्हणून."

"ते तुला बोलत होते तेव्हा?"

ती टॅबवरचे बोटांचे डाग पुसायला लागली. म्हणजे ती पोर माझा मार खात होती, त्यांचे टोमणे खात होती, आणि वर त्यांनाच पाठीशी घालत होती. माझ्यासाठी तिनं कधी एवढं सोसलं असतं का, असं मनात आलं आणि आतून जळाल्यासारखं झालं. आणि ते? ते पोरीला मार पडताना खुर्चीत बसून बघत होते. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. बिट्टीचा क्लास मी लगेच सुरू केला नाही. खोटेपणा तो खोटेपणाच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून, शिक्षकांच्या दारानं आत जाऊन, मी माझ्या वर्गात एक नवा विद्यार्थी भरला. नावाच्या जागी काहीतरी घालावं लागतं म्हणून 'पाहुणा' असं घातलं. घरच्या टॅबवर दुपारी हेच खातं उघडेल अशी सोय केली. सरांना फरक कळला नाही. खार तीच होती.

साइटवर एक सोय आहे, फार थोड्या शिक्षकांना माहीत असते. परीक्षा तोंडावर आली की एखाद्या मुलाची पायरी कुलूपबंद करता येते. मग चुका झाल्या तरी साइट त्याला खाली उतरवत नाही, त्याच इयत्तेची गणितं घालत राहते. पाहुण्याला मी चौथीत कुलूपबंद केलं. चार अधिक पाच आता येणार नव्हतं. मोकळं सोडलं असतं तर ते पहिली-दुसरीत टाळ्या घेत सुखानं बसले असते, आणि रेषाही तिथेच सपाट राहिली असती. त्या रेषेनं नवऱ्याला काय कळणार होतं? मला लाल फुल्या हव्या होत्या.

मग रोज मधल्या सुट्टीत मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात फोन उघडून बसायचे. एक गणित यायचं. बराच वेळ काही नाही. मग लाल फुली. मग दुसरं. बाकीच्या बाई डबे उघडून सासवांना नावं ठेवत असायच्या, मी गप्प बसून जेवायचे. एकदा तर मी मुद्दाम एकोणिसाच्या पाढ्यावरची गणितं पाहुण्याला गृहपाठ म्हणून धाडली. तेवढ्या फुल्या बघून घास जरा गोड लागला, हे कबूल.

घरी सर चिडचिडे होत चालले. शर्ट तोच राहू लागला. एका संध्याकाळी बिट्टीनं विचारलं, "आई, खार सरांसाठी टाळ्या का वाजवत नाही आता? ते म्हणतात बाई माझ्यावर रागावल्यात."

"येत नाही म्हणून," मी म्हटलं. "आलं की वाजवेल."

महिना होत आला तेव्हा पाहुण्याचा अहवाल मी नवऱ्यापुढे ठेवला आणि हे कोण ते सांगितलं. मी परस्पर नाव घालून ठेवलेल्या आश्रमातून फोन आला होता, एक खोली रिकामी झाली होती, सोमवारपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. माझा नवरा दुकानांतले वजनकाटे तपासायच्या खात्यात आहे. दिवसभर लोकांचे काटे तपासतो आणि शिक्के मारतो. त्यानं तो लाल फुल्यांनी भरलेला पडदा खालून वर, वरून खाली पाहिला. चेहऱ्यावर रेष हलली नाही, फक्त कान लाल झाले.

"हे मला चालायचं नाही," तो म्हणाला. "काटा माझ्यासमोर चालला पाहिजे."

"म्हणजे?"

"म्हणजे परीक्षा माझ्या डोळ्यांदेखत व्हायला हवी. चौथीचा पेपर. निम्मी उत्तरं बरोबर आली तर आश्रमाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही."

"आणि नाही आली तर?"

तो उठून हात धुवायला गेला. हात स्वच्छ होते त्याचे. "नाही आली तर सोमवारी मी स्वतः फोन करतो," आतून म्हणाला.

आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. बिट्टीनं हे सगळं ऐकलं असणार.

रविवारी सकाळी टेबल पुसून मोकळं केलं. सरांना सांगितलं, शाळा ही साइट विकत घेणार आहे, तुमच्यासारख्या जाणकारानं एकदा तपासून दिली तर बरं. हे मात्र माझ्या डोक्यातून निघालं होतं. सरांचा चेहरा काय उजळला! नवा शर्ट मागितला, लाल पेन मागितलं, खुर्ची भिंतीला लावून घेतली. कित्येक दिवसांनी त्यांची पाठ ताठ झाली होती. "काय दर्जाची आहे ते बघू," म्हणाले. "हल्ली सगळा पोरखेळ असतो."

वीस प्रश्न होते. नवरा सरांच्या मागे हाताची घडी घालून उभा राहिला. मी बाजूला. बिट्टी न सांगता सरांच्या समोर येऊन बसली, मी ऊठ म्हटलं तरी उठेना.

पहिली दोन सोपी होती, आली. तिसरं आलं नाही, चौथंही नाही. पाचवं होतं आठ सक. सर पडद्याकडे बघत राहिले. ओठ हलले, "आठ एके आठ, आठ दुणे सोळा," इथवर आले आणि गाडी थांबली. त्यांनी वर पाहिलं. समोर बिट्टीनं एक हात गालाला लावला होता, चार बोटं उभी. मग दोन्ही हात टेबलावर आले, पाच बोटं आणि तीन बोटं. सरांनी अठ्ठेचाळीस दाबलं. खारीनं टाळ्या वाजवल्या.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं बोटं पाहिली होती, अगदी स्वच्छ पाहिली होती. दुकानदाराचं करंगळीचं टोक काट्याला लागलं तरी दंड ठोकणारा हा माणूस, तो मान वर करून छताकडे बघायला लागला. पंख्याची पाती मोजत असावा. सहाव्याला बिट्टीनं पुन्हा खुणा केल्या, सातव्यालाही. चेहरा असा, जणू गाल खाजवतेय, नाक पुसतेय. तो छताकडेच. माझ्या ओठांवर आलं होतं, की अहो, हा कसला काटा. बोलले असते तर दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं असतं.

अकराव्या प्रश्नापर्यंत नऊ बरोबर झाली. दहा पुरत होती. एक हवं होतं, फक्त एक. बिट्टीचा चेहरा फुलला होता. नवऱ्याची घातलेली घडी सुटली होती. खरं सांगते, मी मनातल्या मनात हरले होते, सोमवारी आश्रमाला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

बारावा आला. सात सक. बिट्टीनं चार बोटं गालाला लावली.

सरांनी पेन खाली ठेवलं. "या वर्गात कॉपी चालली आहे," ते म्हणाले.

सर उठून उभे राहिले. त्यांचा तो जुना आवाज, शाळेच्या आवारात शेवटच्या फाटकापर्यंत जायचा म्हणतात तो, मी प्रथमच पुरता ऐकला. "तू. उभी राहा. बोटं काय करतेस?"

बिट्टी उभी राहिली. चार बोटं तशीच उभी होती, खाली घ्यायचंही तिला सुचलं नाही.

"कोणाला सांगतेस उत्तर?"

"तुम्हाला, सर."

"परीक्षकाला?" सर म्हणाले. "परीक्षकाला उत्तर सांगतेस?"

"सर, जाऊ द्या हो," नवरा पुढे झाला. "लहान आहे. बसू द्या तिला इथेच. बसू द्या ना, सर."

"लहान असतानाच मोडावं लागतं. तुलाही असाच मोडला म्हणून चार घास खातोयस." सरांनी दाराकडे बोट केलं. "बाहेर. आणि दार लावून घे."

ती माझ्याकडे बघत होती. एक शब्द मी बोलले असते, राहू द्या म्हटलं असतं, तर सर माझ्यावर घसरले असते आणि त्या गोंधळात कदाचित पोर तिथेच राहिली असती. मी म्हटलं, "बिट्टी, सर काय म्हणतात ते ऐकायचं."

ती गेली. दार लागलं. दारापलीकडून आधी हुंदका आला, मग बोलणं, दाराला तोंड लावून बोलावं तसं, "बेचाळीस, सर, बेचाळीस." सरांनी मूठ टेबलावर आपटली. "शांतता!" आवाज बंद झाला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि छत्तीस दाबलं.

पुढची आठ गणितं मी वर्णन करून सांगत नाही. सर एकेकावर प्रामाणिकपणे झटले. मध्ये एकदा बोटं मोजायला हात वर आला, तर त्यांनी इकडेतिकडे पाहून तो टेबलाखाली नेला. एकही आलं नाही. नवरा आता छताकडे बघत नव्हता, बापाच्या मानेकडे बघत होता.

शेवटी पडद्यावर निकाल आला. विद्यार्थी: पाहुणा. बरोबर नऊ. अधिक सरावाची गरज आहे.

सरांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग कपाळाला आठी पडली. "हा पाहुणा कोण?"

मी म्हटलं, "आहे एक मुलगा, सर. सांभाळून घ्यावा असं काही जणांचं म्हणणं आहे. तुमचं मत काय? काय करावं त्याचं?"

नवऱ्यानं माझ्याकडे जे पाहिलं ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पण थांब म्हणाला नाही तो. तोही ऐकायला थांबला होता.

सरांनी लाल पेन उचललं आणि पडद्यावर पाहुण्याच्या नावाशी टेकवलं. "काढून टाका," ते म्हणाले. "इथे दया कामाची नाही. असा एक मुलगा अख्ख्या वर्गाला मागे ओढतो. घरचे रडतील. चार दिवस रडतात, मग त्यांनाही सुटल्यासारखं होतं, आयुष्यभर पाहत आलोय मी." त्यांनी मान वळवून मुलाकडे पाहिलं. "तुम्ही क्लार्क का? लिहून घ्या. उद्याच्या उद्या काढून टाका."

"हो, सर," माझा नवरा म्हणाला.

सोमवारी फोन त्यानंच केला. बुधवारी सरांना घेऊन गेला. निवासी शाळेची तपासणी करायची आहे असं सांगितलं होतं, त्यामुळे सर खुशीत होते. पायात बूट घालताना त्यांनी मला दोनदा विचारलं, पूर्वकल्पना तर दिली नाही ना तिथल्यांना, मग पोरं आधीच पाठ करून बसतात. बिट्टी जिन्यात उभी होती. तिच्याकडे बघून ते म्हणाले, "ही तीच ना, कॉपी करणारी?" आणि खाली उतरले.

नवरा त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलतो. होईल सरळ. काटा त्याच्यासमोर चालला होता, मी हात लावला नव्हता. घरात आता गॅस उघडा राहत नाही, बिट्टी कोणाची वाट बघत फाटकाशी उभी राहत नाही, फ्रिजवरचे माझे निरोप मी लिहिले तसेच्या तसे राहतात. तिचा चित्रकलेचा क्लासही मी पुन्हा सुरू केला.

काल तिच्या अंथरुणावर चादर घालत होते. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. गालाला हात लावायची, काढायची, जरा खाली लावायची, पुन्हा काढायची. मी विचारलं काय चाललंय.

"मी हात फार वर धरला होता ना आई," ती म्हणाली. "जरा खाली धरला असता तर सरांना वाटलं असतं की त्यांना आपोआप आठवलं. मग ते इथेच राहिले असते."

नाही म्हणायला फार लागत नव्हतं. तुझ्या हाताचा त्यात काही संबंध नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग कोणाचा, असं तिनं विचारलं असतं. ती पोर मी चांगली ओळखते, विचारल्याशिवाय राहिली नसती.

मी चादरीची सुरकुती काढली. "हो," म्हटलं, "जरा खाली धरायला हवा होतास."